चाकावरचे आकडे

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्याने पाहिले आहे, त्याला मी पुढे जे सांगणार आहे त्यातले निम्मे आधीच ठाऊक आहे. १९५०च्या दशकात, माझ्या लहानपणी, आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी हे काम उन्हाळ्यात चाले. लोहार प्रथम दोरीने चाकाचा घेर मोजी. मग लोखंडी पट्टीची कडी करी. पण ती चाकाएवढी नव्हे, चाकापेक्षा किंचित लहान. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल झाली की फुगे, चौघेजण चिमट्यांनी ती उचलून चाकावर बसवीत, आणि वरून पाण्याच्या घागरी ओतल्या की चर्र आवाज करीत ती आवळे. तुंबा, आरे आणि बाहेरचा लाकडी घेर यांची जी सैल मैत्री होती, ती त्या क्षणी पक्की होई.

मी एकदा विचारले होते, "कडी जरा सैलच केली तर? एवढी आग तरी लागणार नाही."

लोहार म्हणाला, "सैल केली तर वैशाखात वाटेवर गळून पडंल. फार घट्ट केली तर आरे वाकतील. धाव चाकाच्या मापाची पाहिजे, मालकाच्या हौशीची नको."

हे वाक्य मी विसरून गेलो होतो. पुढे पन्नास वर्षांनी बोरघाटात ते आठवले, तेव्हा शेजारी आई बसली होती आणि गाडीचे तोंड दरीकडे वळले होते. ती हकीकत सांगण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. कारण मला जो धडा मिळाला, तो माझ्या आधी शंभर वर्षे अनेकांनी याहून महाग किंमत देऊन घेतला होता.

हवा भरलेले चाक प्रथम सुचले ते रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाला. त्याने १८४५ साली त्याचे पेटंट घेतले, आणि घोडागाडीला अशी चाके लावून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये लोकांना दाखवली. लोकांनी पाहिले, वाखाणले आणि विसरले. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीन चाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने शोधून काढली. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले तेव्हा डनलॉपचा हक्क टिकला नाही. पण नाव मात्र टिकले. इतिहासात असे पुष्कळदा होते.

हवेचा प्रश्न सुटला, तरी खरा प्रश्न पुढेच होता. रबर चाकाला धरून राहायचे कशाने? १८९० साली यावर दोन उत्तरे निघाली. बार्टलेट याने टायरच्या कडेला रबराचे जाड ओठ ठेवले आणि रिमच्या कडा आत वळवून आकड्यासारख्या केल्या. हवा भरली की ओठ आकड्यांत अडकत. वेल्च याने टायरच्या कडेत न ताणणाऱ्या तारेचे कडे घातले. वेल्चची युक्ती म्हणजे आमच्या लोहाराचीच युक्ती होती. कडे मापाचे असले की ते सुटत नाही. ते चढवता यावे म्हणून रिमच्या मध्यभागी खोल पन्हळ ठेवावी लागे, एवढाच फरक. कारण रबर आगीत घालून फुगवता येत नाही.

आरंभीच्या मोटारींनी मुख्यतः ओठवाले टायर पत्करले, आणि त्यांच्या मालकांच्या हालअपेष्टांना सीमा राहिली नाही. त्या टायरला रिमवर धरून ठेवणारी शक्ती म्हणजे आतली हवा. ती कमी झाली की वळणावर ओठ आकड्यातून निसटे आणि अख्खा टायर गाडी सोडून स्वतंत्रपणे प्रवासाला निघे. १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरवली. वाटेत पंक्चर होऊन होऊन त्यांचे प्राण कंठाशी आले आणि शर्यत काही त्यांनी जिंकली नाही. पण हवेवर मोटार चालते एवढे जगाला दिसले.

या पंक्चरांनीच आपल्या मराठीला एक शब्द दिला आहे. मोटारीच्या जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. आमच्या गॅरेजातला पोऱ्याही म्हणतो आणि साहेबही म्हणतात. वेल्समध्ये लानेथ्ली नावाचे गाव आहे. तेथे स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्या गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४च्या सुमारास एक जादा चाक विकायला काढले: आरे नसलेली नुसती रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर, आणि मूळ चाकाला ती जखडण्यासाठी चाप. त्या काळी मोटारीचे चाक रस्त्यात काढता येत नसे. म्हणून पंक्चर झालेल्या चाकाच्या बगलेला हे चाक बांधायचे आणि घर गाठायचे. ते स्टेपनी चाक केव्हाच नाहीसे झाले. इंग्रजांनी तो शब्द टाकून दिला. आपण मात्र जपून ठेवला.

आता आकड्यांकडे येऊ, कारण जुन्या मोटारीचा मालक फसतो तो येथे. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीच्या पुढच्या टायरचे माप होते ३० × ३, आणि मागच्याचे ३० × ३½. आजचा माणूस हा तीसचा आकडा पाहून रिम तीस इंचांची समजेल. ती तशी नव्हती. त्या काळी पहिला आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा आणि दुसरा जाडीचा असे. तिसातून दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की पुढची रिम निघते चोवीस इंचांची, आणि मागची तेवीस इंचांची. म्हणजे पुढचा टायर मागे बसायचा नाही आणि मागचा पुढे बसायचा नाही! १९१९ साली सुट्या होणाऱ्या रिमा आल्या तेव्हा चारही चाके ३० × ३½ करण्यात आली, आणि गाडीवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

पुढे १९२३ साली फायरस्टोनने जाड, कमी दाबाचे, गुबगुबीत टायर बाजारात आणले. त्यांना 'बलून टायर' म्हणत. रस्त्याचे दणके एकदम कमी झाले. थोड्याच वर्षांत मॉडेल टीवरही ४.४० - २१ हे माप दिसू लागले. वाचकांनी येथे जरा थांबून पाहावे. आकड्यांचा क्रमही उलटला आणि अर्थही बदलला. आता पहिला आकडा जाडीचा, आणि दुसरा बाहेरच्या व्यासाचा नसून आतल्या रिमचा. एकाच गाडीला तिच्या एकाच आयुष्यात दोन भाषा बोलाव्या लागल्या. युरोपात तर मिलिमीटरांची तिसरी भाषा होती. ८१५ × १०५ म्हणजे बाहेरचा व्यास ८१५, जाडी १०५, आणि रिम किती ते तुम्ही वजाबाकी करून काढायचे.

टायरवरचा आकडा हा असा एक छोटा शिलालेखच असतो. तो कोणत्या काळातला हे कळल्याशिवाय वाचता येत नाही. आणि चुकीचा वाचला, तर ताम्रपटासारखे नुसते विद्वानांत भांडण लागत नाही. माणूस जखमी होतो.

आता माझी गोष्ट. आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, १९६२ साली एका डॉक्टरांकडून जुनी फियाट ११०० घेतली. इटलीत ही गाडी १९५३ साली निघाली आणि १९५४पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होऊ लागली. तिचीच पुढची पिढी म्हणजे पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती २०२३पर्यंत रस्त्यावर होती. नवी फियाट हवी तर वर्षानुवर्षे नंबर लागत नसे, म्हणून जुन्या गाडीचेही घरात लग्नघरासारखे स्वागत झाले. नाना हिशेबी होते. गाडीसाठी त्यांनी एक वेगळी वही केली होती. पेट्रोल, वंगण, किलोमीटर, सगळे त्यात असे. १९८६ साली नाना गेले. गाडी माझ्याकडे आली आणि वही कपाटात गेली.

२००४ साली पुढचे दोन टायर झिजले. मागचे दोन जवळजवळ नवे होते. एका टायरवाल्याने मला सांगितले, "साहेब, हे जुने नायलॉन टायर कशाला शोधता? रेडिअल टाका. १७५/६५ आर १४. रिम चौदाचीच आहे ना? मग बसणारच. रुंद आहे, पकड चांगली. गाडी कशी रुबाबदार दिसेल!" चौदा आणि चौदा जुळले. माझे समाधान झाले. मागच्या दोन टायरांचे पैसे वाचले, याचे तर विशेष समाधान झाले. दोष त्याला एकट्याला देण्यात अर्थ नाही. रुबाब शब्द त्याने उच्चारला, पण तो आवडला मला.

त्याच पावसाळ्यात आईला घेऊन मी पुण्याहून मुंबईला निघालो. घाट उतरताना अमृतांजन पुलाच्या अलीकडे (हा पूल पुढे २०२० साली पाडला) पाऊस कोसळू लागला. एका वळणावर पुढे ट्रक दिसला, म्हणून मी वेगाच्या पायावरून पाय उचलला. पुढची चाके मी वळवली तशी झटकन वळली. मागची मात्र आली नाहीत. गाडीचे शेपूट बाहेरच्या बाजूला निघाले आणि तोंड आत फिरले. फिरता फिरता आम्ही अर्धे वळलो, उलट्या दिशेला तोंड करून कठड्याला लागून थांबलो. मागून त्या वेळी काही आले नाही, ही केवळ ईश्वराची कृपा.

आई काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, ह्यांच्या हातात ही गाडी कधी अशी वागली नाही रे."

ते वाक्य मला कठड्यापेक्षा जास्त लागले.

मुंबईस आल्यावर मी टायरचा अभ्यास सुरू केला. त्यात जे कळले ते असे. जुन्या टायरच्या अंगात सुताचे किंवा नायलॉनचे थर एकमेकांना तिरके छेदीत जातात. आपल्या बाजारात त्यांनाच 'नायलॉन टायर' म्हणतात. मिशलँ कंपनीने १९४६ साली पेटंट घेऊन १९४९ साली बाजारात आणलेल्या रेडिअल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि जमिनीला लागणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टा असतो. त्यामुळे बाजू लवचीक राहते आणि तळवा जमिनीला चिकटून राहतो. वळणावर कोणताही टायर ज्या दिशेला रोखलेला असतो त्याच दिशेला अगदी तंतोतंत जात नाही. थोडा कोन सोडून घसरत जातो. तेवढीच पकड देण्यासाठी नायलॉन टायरला हा कोन जास्त लागतो, रेडिअलला कमी. म्हणून पुढे रेडिअल आणि मागे नायलॉन असले, की पुढचे चाक वळण धरते आणि मागचे बाहेर पळते. इंग्लंडात ही जोडी कायद्यानेच मना आहे, हे मला घाटात फिरून आल्यावर समजले. चारही एका जातीचे असावेत हे उत्तम. एका आसावर दोन जाती कधीच नसाव्यात.

दुसरी चूक मापाची. फियाटचे मूळ माप ५.२० - १४. या जुन्या टायरची उंची जवळजवळ त्याच्या जाडीइतकी असते. ५.२० इंच म्हणजे १३२ मिलिमीटर. उंची सुमारे १२५. दोन बाजूंचे अडीचशे आणि चौदा इंची रिमचे ३५६ मिळून टायरचा व्यास सुमारे ६०७ मिलिमीटर होतो. आता १७५/६५ वाचा. येथे आणखी वेगळी भाषा आहे: जाडी मिलिमीटरांत, उंची त्या जाडीच्या शेकडा ६५, आणि रिम पुन्हा इंचांत! १७५चे शेकडा ६५ म्हणजे ११४. दोन बाजूंचे २२८ आणि रिमचे ३५६ मिळून ५८४. म्हणजे टायर रुंद झाला, पण बुटका झाला. हेच मागेही बसवले असते, तर वेगाचा काटा साठ दाखवीत असता तेव्हा गाडी अठ्ठावन्नच्याही आतच धावली असती. आकडा चौदाचा चौदाच राहिला; चाक मात्र तेच राहिले नाही.

तिसरी चूक रुंदीची. त्या टायरला निदान पाच इंच रुंद रिम लागते. माझी मोजली तर बरीच कमी भरली. अरुंद रिमवर रुंद टायर म्हणजे लहान पाटावर बसलेला थोर पाहुणा. बसतो खरा, पण वळताना दोन्हीकडे डुलतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवले की टायर मडगार्डला घासत असे, तो आवाज मी पावसाचा समजत होतो. मग कोणी सुचवले की रुंद रिमाच बसवा. तेही तपासले. चाकाची तबकडी रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, यावर गाडीचे ओझे बेअरिंगवर कोठे पडते हे ठरते. रिम बाहेर सरकली तर तेच ओझे लांब दांडीच्या टोकाला टांगल्यासारखे होते. बेअरिंग आणि पुढच्या चाकांचे सांधे लवकर जातात. नटाची भोके जुळणे ही चाक बसण्याची पहिली अट आहे, शेवटची नव्हे.

मग नानांची वही काढली. पिवळ्या पडलेल्या एका पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: 'टायर ५.२० - १४. चारही एका जातीचे. पाचवाही.' खाली हवेचे आकडे, पुढच्या चाकांचे वेगळे, मागच्यांचे वेगळे, आणि सूचना: 'हवा सकाळी, चाके थंड असता पाहणे.'

येथे इतिहास लिहिणाऱ्याने सावध राहिले पाहिजे. नानांना रेडिअलची भानगड ठाऊक होती असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण १९६२ साली सातारा जिल्ह्यातल्या माणसाला ती कोठून ठाऊक असणार? चारही टायर एका कंपनीचे असावेत, एवढेच बहुधा त्यांच्या मनात असेल. कारण न कळताही त्यांनी नियम पाळला. मला कारण कळण्याची सोय होती, आणि मी नियम मोडला.

शेवटी मी काय केले ते सांगतो; जुनी गाडी बाळगणाऱ्या कोणाच्या उपयोगी पडले तर पडो. प्रथम गाडी ज्या मापाने कारखान्यातून निघाली ते माप शोधले. मग त्या मापाचा व्यास काढला, आणि त्याच्याशी जुळणारे आजचे माप पाहिले. १५५/८० आर १४ : १५५चे शेकडा ८० म्हणजे १२४, दोन बाजूंचे २४८, आणि रिमचे ३५६ मिळून ६०४. मूळच्या ६०७शी फरक तीन मिलिमीटरांचा. रुंदीही अरुंद रिमला झेपणारी. हे माप दुकानात पुढे मांडलेले नसते. शोधावे लागते, आणि गाडी त्याने मुळीच रुबाबदार दिसत नाही, पूर्वीसारखी दिसते. जुन्या रिमा ट्यूबशिवाय हवा धरतीलच असे नाही, म्हणून आत ट्यूब घातल्या. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, तोही पाहिला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हौशी लोकांच्या गाड्या वर्षात थोड्याच धावतात. त्यांच्या टायरची नक्षी शाबूत राहते आणि आतले रबर म्हातारे होते. न झिजलेल्या टायरचा मोह हा सर्वांत फसवा.

काही कडवे मित्र म्हणतात की रेडिअल घालून मी गाडीच्या काळाशी बेइमानी केली. त्यांचे म्हणणे मी तुच्छ लेखीत नाही. ज्यांना मूळ मापाचा नायलॉन टायर ताजा मिळतो, त्यांनी तोच खुशाल घालावा; गाडीच्या स्प्रिंगा आणि स्टिअरिंग त्याच्याच हिशेबाने घडले आहे. पण काळाशी इमान म्हणजे काय? आरंभीचे टायर फिकट रंगाचे असत. १९१०नंतरच्या काळात रबरात काजळी मिसळू लागले, तेव्हा ते काळे झाले आणि कितीतरी पट टिकाऊही झाले. १९०८ सालच्या गाडीला आज काळा टायर घातला तर तो इतिहासाला धरून नाही. पण त्याचे माप बरोबर असेल तर गाडी तिच्या मूळच्या चालीने चालते. उलट, रंगरूप अगदी जुने आणि माप चुकीचे, अशी गाडी प्रदर्शनात शोभेल. घाटात तिच्याशेजारी मी कोणाच्या आईला बसवणार नाही.

चार टायर बसवून झाल्यावर मेस्त्री म्हणाला, "झालं साहेब. स्टेपनीला जुनाच राहू द्या, तिला कोण विचारतो?"

वहीतला शेवटचा शब्द मला आठवला. मी पाचवाही त्याच जातीचा घ्यायला लावला. भर पावसात, घाटात, पुढचे चाक बसले तर तेथे लागणार ती स्टेपनीच. आणि मग पुन्हा एका आसावर दोन जाती.

पुढच्या महिन्यात आईला घेऊन त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. पाऊस होता. ते वळण आले तेव्हा मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. खोपोलीत चहाला थांबलो, तेव्हा तिने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, पुढच्या चाकाला हात लावून पाहिला, आणि म्हणाली, "आता ह्यांच्यासारखी चालते."

मी डिकी उघडून तिला पाचवे चाकही दाखवले.